आक्कांचा धुरकट फोटो

नवऱ्याच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा फोकस गेली तीन वर्षं मी लावते, हे आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नाही.

त्या कॅमेऱ्याला डोळा लावला की मधोमध एक वर्तुळ दिसतं. फोकस नसेल तर त्यात माणसाच्या नाकाचा वरचा अर्धा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे सरकलेला असतो. लेन्सची कडी फिरवून ते दोन तुकडे जुळवायचे. साठीनंतर ह्यांना ते जुळले की नाही कळेना. उजेड कमी असला तर वर्तुळाचा अर्धा भाग काळाच पडतो, मग तर विचारूच नका. डिजिटल घ्या म्हटलं की तोंड फुगतं. माझं माहेर वडगावचं, घरात साड्या विणायचे माग. तुटलेला धागा हुडकण्यातच माझं लहानपण गेलं. तेव्हा कॅमेरा स्टँडवर लावून मी जुळवायचं, "झालं" म्हणून बाजूला व्हायचं आणि ह्यांनी बटण दाबायचं.

गेल्या हिवाळ्यात बेळगावात ह्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. एका बाईंनी मला विचारलं, "तुम्हालाही यातलं कळतं का?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हिला काय कळतंय? ही पिशवी धरायला येती." सगळे हसले. मीही हसले. पण तो राग मी घरी घेऊन आले आणि नीट मुरू दिला.

पुढच्याच रविवारी आम्ही खानापूरला ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. आक्का ऐंशीच्या पुढच्या, तरी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, सुईत दोरा स्वतः ओवतात, तेही चष्म्याशिवाय. गल्लीत त्यांचा तोरा काय तो तेवढाच. वाकळ शिवतानाचा मोठा फोटो त्यांना हवा होता. त्या घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या. मी आक्कांचा चेहरा नीट जुळवला आणि मग कडी आणखी जराशी फिरवून त्यांच्या पाठीमागच्या दाराची चौकट जुळवली. "झालं," म्हटलं. सबंध रोल तसाच काढला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

महिन्याभराने फोटोंचं पाकीट दुकानातून घेऊन परस्पर खानापूर गाठलं. आक्कांसमोरच ते फोडलं. चौकटीवरचा खिळासुद्धा लख्ख आला होता आणि आक्का धुरकट. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, पण मला बोल लावायचा तर फोकस कोण लावतं तेही सांगावं लागणार होतं. ह्याच नजरेची मी महिनाभर वाट बघत होते.

आक्कांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडात नेला. "माझं तोंडच दिसंना रं. फोटो बिघडलाय का काय?"

"फोटो चांगला आलाय," हे म्हणाले. "वय झालं आक्का. डोळं गेलं असतील तुझं."

"दार तर दिसतंय की."

"दार मोठं असतंय. तोंड बारीक."

आक्का माझ्याकडे वळल्या. "व्हय गं? तुला नीट दिसतंय?"

खरं सांगायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागलं असतं.

"दिसतंय की," मी म्हणाले.

त्यांनी फोटो परत पाकिटात घातला. मग सुई खोचलेली अर्धी वाकळ गुंडाळून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "तूच पुरी कर गं. तुझं डोळं चांगलं हाईत."

तेव्हापासून आक्कांनी सुई हातात धरलेली नाही, आणि आम्ही दोघांनीही त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.