टाकीतलं शेवाळ आणि वन्संचे पेढे

माझ्या नवऱ्याला त्याच्या सख्ख्या बहिणीनं मारलं. लाडानं.

आज वर्ष झालं.

वन्सं फेसबुकवर आहेत. वाचतील. वाचू देत.

अनिलची टाकी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. कळंब्याच्या आमच्या हॉलमधली, जेमतेम दोन फुटांची. आत खारं पाणी, जिवंत कोरल आणि दोन क्लाऊनफिश. कोल्हापुरात समुद्र नाही, म्हणून या माणसानं बादलीत मीठ ढवळून तो घरी केला.

तुम्ही विचारायचात, एवढी स्वच्छ कशी राहते?

"नुसतं घासून काय होत न्हाय," तो सांगायचा. "माशांनी टाकलेलं खाणं पाण्यात कुजतं, त्यावर शेवाळ पोसतं. खाणं कमी घाला, लाइट कमी लावा, पाणी बदला. झालं की."

माशांना दिवसाआड चिमूटभर. ते काचेला तोंड लावून मागायचे, पण ह्याला पाझर फुटायचा नाही.

आणि स्वतःला शुगरचा आजार.

वन्सं शाहूवाडीहून यायच्या त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. मी म्हणायचे, "वन्सं, ह्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

"एकानं काय होतंय? माझा भाऊ हाय त्यो. तू उपाशी मारतीस की त्याला!"

आणि हा बावळट हसत आ करायचा. एक झाला की दुसरा.

आधी पायाचं बोट गेलं. मग किडनी.

वन्सं दवाखान्यातसुद्धा बॉक्स घेऊन आल्या. रडल्याही भरपूर.

शेवटी अनिल मला म्हणाला, "टाकीला शेवाळ येऊ देऊ नकोस. कोण काय बी म्हणू दे, हात आखडता घे."

हे स्वतःच्या बाबतीत एकदा जरी म्हणाला असतास ना!

तो गेला. घर पाहुण्यांनी भरलं. मला कोपऱ्यात बसवलं आणि वन्सं टाकीपाशी उभ्या.

"मुकी जनावरं ती. मालक गेला म्हणून त्यांनी बी उपाशी ऱ्हायचं व्हय?"

मूठ मूठ घालत होत्या. मी ओरडून सांगितलं.

"एवढ्यानं काय होतंय?"

तेराव्यापर्यंत काच हिरवीगार. कोरलवर केसांसारखं शेवाळ. पाहुणे गेल्यावर मी दगड काढून टूथब्रशनं घासले, पाणी बदललं, लाइट बंद ठेवला. उपयोग झाला नाही. कोरल मेलं. मग एक मासा. मग दुसरा.

"मासं लई नाजूक असत्यात बघ," वन्सं फोनवर म्हणाल्या.

आज वर्षश्राद्धाला आल्या. हातात बॉक्स. फोटोसमोर एक पेढा ठेवला आणि माझ्याकडे चोरून बघितलं.

मी त्यांच्या हातातला बॉक्स घेतला आणि सगळाच्या सगळा फोटोसमोर ओतला.

"घाला वन्सं, पोटभर घाला. आता काय होत न्हाय."

अनिल, टाकी धुऊन कोरडी केलीय रे. शेवाळाचा ठिपका नाही. आत काहीच नाही.

मला तुझी फार आठवण येते. आणि फार राग येतो.

'भावपूर्ण श्रद्धांजली' वन्सं कमेंटमध्ये लिहितीलच.