ओठांचं प्रदर्शन आणि दौंडचे मामा

माझ्या मुलीने पुण्यात चित्रकलेचं शिक्षण घेतलं आणि पुढची दोन वर्षं नुसते ओठ काढले. आधी मला वाटलं, ओठ जमले की नाकाकडे जाईल. पण नाही. एकेक चित्र दाराएवढं आणि त्यात फक्त तोंड. पान खाल्लेलं, उललेलं, मिशीच्या खुंटांत भाताचं शीत अडकलेलं.

पुण्यात प्रदर्शन झाल्यावर तिने हट्ट धरला, शिरूरलाही करायचं. पितृपक्ष होता, लग्नं नव्हती, म्हणून मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल दोन दिवसांसाठी मिळाला. पहिल्या दिवशी सकाळी दारातून डोकावून एका माणसाने विचारलं, "दातांचं शिबिर हितंच हाय का?" मी नाही म्हटलं तरी तो आत आला, सगळी चित्रं बघितली आणि जाताना म्हणाला, "दात कुणाचेच धड न्हाईत."

दुपारी घरची मंडळी जमली. माझे यजमान, नणंद आणि निमोण्याहून आलेल्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई. सगळ्यांनी पेढे घेतले आणि भिंतींकडे बघायचं टाळत एकमेकांच्या तब्येतीची चौकशी सुरू केली. एवढ्या मोठ्या उघड्या तोंडांसमोर उभं राहून पेढा खायला कसंसंच होत होतं.

तेवढ्यात मामा-मामी आले, एसटीने न्हावऱ्यावरून. माझे हे मामा दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये होते. इंजिनांच्या आवाजात त्यांचे कान गेले. कानाचं मशीन त्यांच्या मुलाने आणून दिलंय, ते डबीत असतं. मामा समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात. वीस वर्षं झाली, ते माणसाच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत. आणि स्वतःला ऐकू येत नसल्याने जे बोलतात ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलतात.

पहिल्या चित्रासमोर ते थांबले आणि ओरडले, "आरं, ह्या तर तुझ्या नणंदबाई!"

मी मुलीकडे बघितलं. ती एकदम फरशीकडे बघू लागली. तेव्हा मला उलगडा झाला. माझ्या मुलाच्या लग्नात, निमोण्याला, ही दिवसभर कॅमेरा घेऊन हिंडत होती. पोरगी अखेर घरच्यांचे फोटो काढतेय म्हणून आम्ही कौतुक केलं होतं. पुढे एकही फोटो आला नव्हता. ते सगळे इथे भिंतीवर होते.

"आन् म्हणत्यात काय ठावं हाय का?" मामा म्हणाले. "मटकी कच्ची हाय!"

"मी असं बोललेच नाही!" नणंद म्हणाली.

"मटकी आमच्या रानातली होती," विहीणबाई थंडपणे म्हणाल्या. "घरी दोनदा शिजवून बघितली होती."

मुलगी मामांच्या पुढ्यात जाऊन सावकाश म्हणाली, "आजोबा, चित्रात एकच क्षण असतो. त्यावरून अख्खं वाक्य कसं कळेल?"

"ओठ मिटले म्हंजी म, न्हाईतर प, न्हाईतर ब," मामांनी समजावलं. "म्होरचं माणूस वळखलं की कळतंय."

नणंदेचा चेहरा उतरला. कारण पंगतीत मी तिच्या शेजारीच होते आणि ती मटकीबद्दलच बोलली होती.

मग मामांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. एक भलंमोठं उघडं तोंड बघून ते म्हणाले, "हे जावईबापू. हे बोलत न्हाईत, जांभई देत्यात. मंगलाष्टकं चालल्याली." यजमान निमूट बाहेर गाडी बघायला गेले.

कोपऱ्यात गोल केलेल्या ओठांचं एक चित्र होतं. वरच्या ओठावर, कडेला, एक लांब पांढरा केस. मी सकाळपासून तीनदा त्याच्यासमोरून गेले होते आणि कुणाची तरी म्हातारी असेल असं समजले होते. मामा तिथे बराच वेळ उभे राहिले. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आक्का हाय ही," ते म्हणाले. आक्का म्हणजे माझी आई, त्यांची थोरली बहीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

मुलीने त्यांच्या खांद्याला हात लावला. "आजी नाही. आई आहे ही."

मामांनी माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि 'हात लावू नये' अशी पाटी असूनही कॅनव्हासला बोट लावलं. "तिचेच ओठ हायती," म्हणाले. माझं बोट आपोआप माझ्या वरच्या ओठाच्या कडेला गेलं. पण तेवढ्यात ते पुन्हा ओरडले, "उरलेली जिलेबी डब्यात भर म्हंती!"

हेही खरं होतं. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मागितली असती तर करंडी दिली असती," त्या म्हणाल्या. मला वाटलं, फरशी उचलावी आणि खाली जाऊन बसावं.

शेवटचं चित्र मामींचं होतं, घट्ट मिटलेले ओठ. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. मामा पुढे झाले, मागे झाले, चष्मा पुसला. "हिचं वाचाया येत न्हाई," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली."

"बरं हाय तेच," मामी त्यांच्या पाठीमागून म्हणाल्या.

आधी नणंदच हसली. मग विहीणबाई, आणि मग कुणालाच आवरेना.

दुसऱ्या दिवशी निमोण्याहून दोन जीप भरून माणसं आली, आपापलं तोंड शोधायला. ज्यांचं सापडलं नाही ते खट्टू झाले. नणंदेने "काढून टाका ते" असं रात्री फोनवर बजावलं होतं. तीच शेजारणींना घेऊन आली आणि चित्राशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला.

विहीणबाई मात्र संध्याकाळी मुलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नवरीची आई मी. सबंध लग्नात बोलून बोलून माझा घसा बसला. माझंच तोंड तुला दिसलं न्हाई व्हय?"

मुलीने तिथल्या तिथे त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कॅमेरा धरला. "बोला काहीही," ती म्हणाली. विहीणबाईंनी पदर सारखा केला, ओठ पुसले आणि त्यांना एक शब्द सुचेना. शेवटी त्यांनी शाळेतल्यासारखं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गाव आणि तालुक्यासकट.

आता दर आठवड्याला त्यांचा फोन येतो, "झालं का माझं?" मुलगी म्हणते, रंग वाळतोय. तिने अजून कॅनव्हास आणलेला नाही.