पेटीतला डिंक

मी आजही चिडते, आणि सुरुवात स्वतःपासूनच करते.

बेळगावच्या कॉलेजात मी जंतूंचं शास्त्र शिकवते. निपाणीजवळच्या गावी माझा थोरला भाऊ, अण्णा, मधमाश्या पाळतो. पेटीच्या फटी माश्या काळपट, चिकट डिंकाने बुजवतात. पुस्तकात त्याला प्रोपोलिस म्हणतात. एकदा अण्णाच्या पेटीत उंदीर मेला. माश्यांना तो बाहेर ओढता येईना, म्हणून त्यांनी तो डिंकाने लिंपून टाकला. वास म्हणून आला नाही. अण्णाने थोडा डिंक खरवडून पुडीत दिला, "बघ गं, तुझ्या जंतूंना काय करतंय ते."

मी तो स्पिरिटमध्ये विरघळवला, कागदाच्या चकतीवर घेतला आणि चकती जंतूंच्या ताटलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती स्वच्छ कडं होतं. तिथले जंतू वाढलेच नव्हते. शेजारी नुसत्या स्पिरिटची चकती होती, तिच्याभोवतीही बारीकसं कडं होतं, म्हणजे थोडे जंतू स्पिरिटनेच मारले होते. ती मी फोटोतून कापली आणि फोटो अण्णाला पाठवला. मिरवायची हौस, दुसरं काय!

अण्णाला साखरेचा आजार. महिन्याभराने गावी गेले तर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर काळं कवच. नव्या चपलेचा फोड फुटला होता, आणि चिकोडीला डॉक्टरकडे जायचं सोडून हा शहाणा रोज डिंक थापत बसला होता. वरून गुळगुळीत, आत पू.

"डॉक्टरला दाखवलं न्हाईस?" मी ओरडलेच.

"कशाला? तूच फोटू धाडलास की. उंदीर कुजला न्हाई, मग अंगठा कुजतोय व्हय?"

"उंदीर मेलेला हुता, अण्णा!"

ताटलीत ना रक्त असतं, ना साखर, ना माणसाचा हट्ट. पोरांना हे दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. घरात सांगायला मात्र माझी जीभ उचलली नाही.

अंगठा काढावा लागला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरले, तर अण्णा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आप्पांना मोबाइल दाखवत होता. त्यांच्याही पायाला पट्टी होती.

"माझ्या भनीनं सोता करून बघितलंय. लई गुणाचं हाय. मलाच लावायला उशीर झाला."

मी मोबाइल हिसकावला आणि फोटो पुसून टाकला.

"पुसला तर पुसला की," आप्पा मला समजुतीने म्हणाले. "मला मगाशीच पाठवलाय त्यानं. मी गावात समद्यास्नी धाडला."