विभाग नसलेली चिठ्ठी

दवाखान्याच्या खिडकीवर बारा वर्षं नंबराच्या चिठ्ठ्या दिल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंनी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. दीर म्हणाला, "वहिनी, महिनाभर टिकलात तरी पुष्कळ." वहिनी दीड वर्ष टिकल्या आणि त्याच दवाखान्याच्या संगणक विभागात लागल्या.

पहिल्याच आठवड्यात एक आजोबा तीन तास बाकावर ताटकळले. त्यांच्या चिठ्ठीवर नंबर होता, विभागाचा पत्ता नव्हता. त्यांना हाक मारणार कोण?

बाईंनी कोड उघडला. 'चिठ्ठी' हा मूळ क्लास, म्हणजे साचा. त्याचे वारस दोन: रक्ततपासणीची चिठ्ठी आणि एक्स-रेची चिठ्ठी. विभागाचं नाव हे वारस भरायचे. पण मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे वस्तू घडवणारा भाग, सगळ्यांना खुला होता. कुणीही यावं आणि नुसतीच चिठ्ठी घडवून न्यावी. बाईंनी तो प्रायव्हेट, म्हणजे त्या क्लासपुरताच, करून टाकला. आता घडवा म्हणावं!

प्रोग्रॅम चालवायला गेल्या तर पडद्यावर लाल अक्षरांची रांग. रक्ताची चिठ्ठी अडली, एक्स-रेची अडली.

संगणक विभागाचे प्रमुख मागे येऊन उभे राहिले. "वारसाची वस्तू घडताना आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालावा लागतो, बाई. तुम्ही तर घरच्यांनाही बाहेर काढलंत."

"मग पुन्हा सगळ्यांना मोकळं करू?"

"मधलं काही सापडतंय का बघा," म्हणून ते निघून गेले.

डबा तसाच ठेवून बाईंनी शिकतानाची वही चाळली. प्रायव्हेट आणि पब्लिक यांच्या मध्ये त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: प्रोटेक्टेड. वारसांना मुभा, परक्यांना मनाई. त्यांनी तो एक शब्द बदलला. दोन्ही वारस मुकाट कामाला लागले. लाल ओळ एकच उरली, ती चिठ्ठी पुन्हा छापायच्या पानावरची. विभाग नसलेली चिठ्ठी तिथूनच निघत होती.

ते पान प्रमुखांनी लिहिलेलं. बाई चाचरतच सांगायला गेल्या. प्रमुखांनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली.

"माझीच चूक," ते म्हणाले. "बरं झालं सापडली."

पुढच्या महिन्यात दातांचा विभाग सुरू झाला. त्याच्या चिठ्ठीचा क्लास बाईंनी एकटीने लिहिला. प्रमुख न बघताच ठीक आहे म्हणाले, तेव्हा बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "नाही, बसा. एकदा नजरेखालून घालाच."