शिट्टी मारणारा पिकअप

बँडमध्ये त्यांना सगळे सावकाश म्हणायचे. पाठीमागे नुसतं सावकाश आणि तोंडावर सावकाशकाका. घाईचं गाणं लागलं की काका मागे सरकून आपले नावापुरती साथ देत आणि संथ चाल आली की दोन पावलं पुढे येत. एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये हा बँड वाजायचा. तिथे ऐकायला कोणीच येत नसे, सगळे जेवायला येत. तरी काकांच्या गिटारवर संथ धून सुरू झाली की एखाद्या टेबलावरचे काटे-चमचे क्षणभर थांबत. तेवढ्यावर या माणसाने सारा जन्म काढला. कोणी म्हणेल, त्यात काय मोठंसं? म्हणणाऱ्याने एकदा जेवणाऱ्या माणसाचा हात थांबवून दाखवावा.

ही सगळी करामत एका पिकअपची होती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप बसवलेले असतात. लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेचे वेढे, एवढाच तो ऐवज. वरची तार थरथरली की तो ऐकतो आणि वायरीतून अॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, सांगतो. काकांच्या गिटारला असे दोन होते. खालचा चिरका, भांडखोर. मानेजवळचा गोल आवाजाचा, समजूतदार. काका खालच्याला सहसा हात लावत नसत.

पण मानेजवळचा म्हातारा झाला होता. आतले वेढे सैल पडले होते. असा सैल पिकअप तारांचं तर ऐकतोच, शिवाय आजूबाजूचंही ऐकायला लागतो. त्यावर टिचकी मारली तर अॅम्पमधून धाडकन आवाज येतो, आणि आवाज जरा वाढवला की तो आपलाच आवाज ऐकून शिट्टी मारतो. ती शिट्टी अशी की मेलेला उठून बसावा.

ही खोड पहिल्यांदा सापडली ती काकूंना. घरी काका वाजवायला बसले की त्यांना हाका ऐकू येत नसत, निदान ते तसं सांगत. एक दिवस काकू चिडून आल्या, तारांवर तळवा दाबला आणि खाली वाकून गिटारच्या पोटातच ओरडल्या, "अहो, चहा गार झाला!" आणि ते शब्द कोपऱ्यातल्या अॅम्पमधून बाहेर पडले! बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावेत तसे. काकू दचकल्या आणि मग हसून हसून खालीच बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी हाका मारणं सोडलं. यायचं, तळवा दाबायचा आणि डब्यातून बोलायचं. अॅम्पला त्या डबाच म्हणत. "अहो, चहा गार झाला." "अहो, सुनेने दोनदा बोलावलंय." एकदा भांडण झाल्यावर नुसतंच, "अहो."

वर्षापूर्वी काकू गेल्या. आजार मोठा नव्हता, पण गेल्या. काकांकडे त्यांचे फोटो ढीगभर होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. जन्मभर आवाजाचा धंदा केलेल्या माणसाने घरातला आवाज कधी धरून ठेवला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मग एका संध्याकाळी, का कोण जाणे, त्यांनी तारांवर तळवा दाबला आणि वाकून म्हटलं, "अहो, चहा गार झाला." त्या सैल पिकअपमधून कोणाचाही आवाज गेला तरी जाडी गळून जायची आणि उरायचा तो बारीक, पत्र्याचा. डब्यातून आला तो आवाज काकांचा नव्हताच. थेट काकूंचाही नव्हता, पण शेजारच्या खोलीतून त्या बोलाव्यात इतपत होता. काका त्या दिवशी पोटभर रडले. मग रोज संध्याकाळी दार लोटून हा कार्यक्रम सुरू झाला. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? म्हातारा गिटारशी बायकोच्या आवाजात बोलतो?

आणि अशात एका दुपारी हॉटेलात, ऐन संथ धुनेत, पिकअपने शिट्टी मारली. एका बाईच्या हातातला पेला पडला. बँडच्या कॅप्टनने, जो वयाने काकांच्या मुलाएवढा होता, त्यांना बाजूला घेतलं.

"काका, मी तुमचा मान ठेवतो. पण तिसऱ्यांदा झालं हे. शनिवारपर्यंत तो पिकअप बदला. नाहीतर कीबोर्डवाल्याकडे गिटारच्या आवाजाचं बटण आहेच, हॉटेलचा मॅनेजर मला रोज तेच ऐकवतोय."

बटण! काकांना म्हणावंसं वाटलं की अरे, त्या बटणाने कोणाचा चमचा थांबलाय का कधी? पण ते "बदलतो" एवढंच म्हणाले. हॉटेल सुटलं तर या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

गिटार दुरुस्त करणारा मिस्त्री त्यांचा जुना दोस्त. पोटमाळ्यावर त्याची एवढीशी खोली, तिथे वाकूनच वावरायचं. मिस्त्रीने तीन पिकअप काढून ठेवले आणि टेबलावर ठेवलेल्या काकांच्या गिटारला चिमट्यांनी एकेक जोडून दिला.

काकांनी पहिला जोडल्यावर सूर छेडला, आवाज बरा होता. मग ते खाली वाकले, तळवा दाबला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले. अॅम्प गप्प.

"वास घेतोयस का रे?" मिस्त्री म्हणाला. "आंबा आहे का तो?"

"बघतोय."

"कानाने बघ की!"

दुसरा अंगाने दणकट, आवाजही दणकट. वाकून बोलले, अॅम्प गप्प. मिस्त्रीने समजावलं की नवे पिकअप कारखान्यातच वितळलेल्या मेणात बुडवून काढतात. मेण वेढ्यांत जाऊन बसतं, वेढे हलत नाहीत, शिट्टीचा प्रश्नच मिटतो. तिसरा मात्र कुठल्याशा मोडक्या गिटारमधून काढलेला, मेण न पाहिलेला. काका त्यावर वाकले आणि अॅम्पमधून काहीतरी खरखरलं. काकांचा चेहरा उजळला. मिस्त्रीने लगेच आवाज वाढवून दाखवला आणि पोटमाळाभर ती शिट्टी घुमली.

"हा नको," मिस्त्री म्हणाला. "आगीतून फुफाट्यात जाशील."

म्हणजे जो बोलणार तो शिट्टी मारणार, आणि जो शिट्टी मारणार नाही तो मुका. काकांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मनाशी हिशेब जुळवला: नवा गिटारला, जुना घरी. जुन्याला नुसती वायर लावून अॅम्पला जोडला तरी आपलं काम भागेल.

"पहिला बसव," ते म्हणाले. "पण जुना टाकू नकोस हां. मला तो लागेल."

"जुना? त्याचं काय करणार आहेस?"

काकांनी तोंड उघडलं. जन्माचा दोस्त समोर होता, खोलीत तिसरं माणूस नव्हतं. सांगायला हीच वेळ होती. पण त्यांची जीभच वळेना. "लागेल," एवढंच म्हणून, गिटार तिथेच ठेवून ते जिना उतरले.

मिस्त्रीने त्यावर रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी काका गेले तेव्हा तो लग्न ठरल्यासारखा हसत होता.

"बस. वाजव."

काकांनी वाजवलं. तोच गोल सूर, तीच जुनी माया. त्यांना काही कळेना. मिस्त्रीने पेचकसाची मूठ पिकअपवर ठोकली. अॅम्पमधून चकार शब्द नाही.

"ठार बहिरा केलाय!" मिस्त्री म्हणाला. "कालच ओळखलं मी. तुझा जीव जुन्यातच अडकलाय, नवा तू नाइलाजाने घेत होतास. म्हटलं, दोस्ताला परका आवाज कशाला? मेण वितळवलं आणि बुडवला तुझा जुनाच. बुडबुडे येईनासे होईपर्यंत बसून होतो. आता जन्मात शिट्टी मारणार नाही."

काकांनी पिकअपवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "ते मेण... परत काढता येतं का?"

"काढायचंय कशाला? आणि काढायला गेलास तर आतली तार तुटेल. मग सगळंच संपलं." मिस्त्रीने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "खूश ना?"

"छान केलंस," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? समोरच्याने जीव ओतून काम केलेलं. रागवायचं तर स्वतःवरच, आणि तेवढीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

शनिवारी हॉलमध्ये शिट्टी झाली नाही. कॅप्टनने लांबूनच अंगठा दाखवला. संथ धुनेत कोणाचा चमचा थांबला की नाही, ते काकांनी पाहिलंच नाही.

घरी मात्र करून बघायचं धाडस होईना. न जाणो, आत कुठेतरी एखादा वेढा मेणातून सुटला असेल, अशी खुळी आशा त्यांनी रविवारपर्यंत पुरवली. संध्याकाळी दार लोटलं, डबा सुरू केला, आवाज पार वर नेला, तारांवर तळवा दाबला.

"अहो, चहा गार झाला."

डब्यातून नुसती घूं घूं. पुन्हा म्हणाले. मग जरा मोठ्याने. आपला घोगरा म्हातारा आवाज तेवढा खोलीत ऐकू आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दार सरकलं. सून कप घेऊन आत आली, तो तिने खुर्चीजवळ ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आज आई काही बोलल्या नाहीत?"

काकांनी चमकून वर पाहिलं. सुनेने पदराने हात पुसले. "मी रोज या वेळेला नळ बंद ठेवते," ती म्हणाली. "भिंतीतून येतं ऐकू."

काकांनी मान हलवली. "मेणात बुडवला त्याने. आता नाही बोलायच्या."

सुनेचा विश्वास बसेना. ती खाली बसली, सासूने शिकवल्यासारखा तारांवर नीट तळवा दाबला, वाकली आणि हाक मारली, "आई?"

दोघंही डब्याकडे बघत थांबली. बराच वेळ थांबली. मग काकांनी उठून डबा बंद केला.