डावीकडची खिडकी

ये गं, अशी जवळ बस, आणि तो फोन ठेव जरा. विमानात खिडकी मिळूनही नुसते ढगच दिसले म्हणून कुरकुरतेस होय! साठ सालानंतरची गोष्ट, तुझी आई तीन वर्षांची होती. हृदयाच्या ऑपरेशनसाठी आजोबा मला मुंबईला नेत होते, आणि मी परत येईन की नाही हे डॉक्टरही सांगेनात. आमचं घर विमानतळाच्या कुंपणापलीकडे, बेळ्ळंदूरच्या वाटेवर. सासूबाई तुझ्या आईला घेऊन गच्चीवर पिवळी चादर हलवणार होत्या. आजोबा विमानाच्या कारखान्यातले, त्यांनी बजावलं, “डावीकडे बस, पंखाच्या मागे. घर तिथूनच दिसतं.” तेव्हा जागांना नंबर नसत, मी धापा टाकत ती खिडकी पकडली. पण त्या दिवशी वारा फिरला होता. विमान उडायला धावपट्टीच्या उलट्या टोकाला गेलं आणि घर आलं उजवीकडे! “चुकलं गं माझं,” आजोबा पुटपुटले. मी पट्टा सोडून उठलेच. पलीकडच्या गृहस्थांना कानडीत म्हटलं, “अण्णा, स्वल्प जागा कोडी, थोडी जागा द्या, माझी मुलगी आहे तिकडे!” “अक्का, पडाल! विमान सुटलं!” असं ओरडत त्यांनी मला हाताला धरून स्वतःच्याच जागेवर बसवलं. तेलाचा उग्र वास, कानात घरघर, आणि खाली क्षणभर पिवळा ठिपका. त्याच्या शेजारी एक इवलासा ठिपका उड्या मारत होता. दवाखान्यातले पाच महिने मी त्या उड्यांवर काढले. आता तुझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणे, म्हणून येणं टाळते. पुढच्या खेपेला तिलाही घेऊन ये, आणि फार दिवस लावू नकोस.