झोळीखालची घोंगडी

सोयगावच्या डोंगराखाली मेंढरं चारणारे मामा कुणाला ‘कसं काय’ असं विचारायचे नाहीत. सरळ पाठीवर तळवा ठेवून गरम की गार ते बघायचे. कोकरं तपासायची सवय, ती माणसांनाही लागू! पहिल्यांदा माझ्या पाठीला हात लागला तेव्हा मी चांगलाच दचकलो होतो.

मी शेंद्र्याला कंपनीत कामाला. सुट्टी मिळाली की डोंगरात दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधून झोपायचं, हे माझं खूळ. मामा विचारायचे, “घरची खाट मोडली का साहेब?”

गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीला, मनूला, सोबत नेलं. अवकाळी पावसानं जमीन ओलीगच्च, म्हणून म्हटलं झोळीच बरी. तिच्या अंगावर दोन रजया घातल्या आणि फार शहाणपणा केल्याच्या थाटात मीही झोपलो. पहाटे हाक मारली तर तिला नीट बोलता येईना. ओठ निळे, जीभ जड. ओरडतच मामांच्या तळाकडे पळालो.

मामांनी आल्या आल्या मनूच्या पाठीखाली हात घातला. “वरून ढीगभर घातलं अन् खालून उघडी? वारा खालनंच खातोय पोरीला. कोकराला आमी आधी खाली लोकर घालतो.” त्यांनी खांद्यावरची घोंगडी पसरली, तिच्यात तळावरून आणलेली पोतंभर कातरलेली लोकर ओतली आणि आम्ही दोघांनी ती झोळीखाली बांधायला घेतली. मी घाईत दोऱ्या करकचून ओढल्या. “अरं येड्या, लोकर चेपली की ऊब गेली! सैल सोड. पाठीला टेकंल एवढीच.” साहेबाचा येडा झालो, पण तेव्हा राग कुठला यायला!

मग नुसतं थांबणं. मामा दर थोड्या वेळानं तळवा घालायचे आणि मान हलवायचे. “नाय. अजून नाय.” आईला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. उजाडता उजाडता मनू कुरकुरली, “दादा, टोचतंय रे खालून.” मी ढसाढसा रडलो.

तेव्हा कुठं दिसलं की मामा नुसत्या सदऱ्यावर उभे होते आणि त्यांचे दात वाजत होते. मी जॅकेट पुढं केलं. “तिला घाल,” म्हणाले.

परवा मनूनं झोळीखाली बांधायला शिवलेली लोकरीची खोळ मामांना दाखवायला आम्ही दोघं गेलो. मामी एकट्याच मेंढरं राखत होत्या. पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं मामा गेले होते. मामींनी मनूला जवळ ओढलं. “तीच का गं तू? लई डाव इचारायचे, त्या पोरीला परत थंडी तर नसंल ना बाधली?”